गाळणीची जागा

तेलगळतीच्या कामात नव्याने येणारा माणूस, रसायनशास्त्र शिकलेला असो की बंदरावरचा खलाशी, पहिला प्रश्न एकच विचारतो: हे साहित्य स्वतःच्या वजनाच्या किती पट तेल पिते? प्रश्न रास्त आहे. शोषक विकणारे हाच आकडा ठळक छापतात, शोधनिबंधांच्या सारांशात तोच पुढे असतो आणि खरेदीच्या निविदेतही नजर आधी त्याच रकान्यावर जाते. भुसा, पाचट, गवत अशी सेंद्रिय द्रव्ये वजनाच्या ३ ते १५ पट तेल धरतात, पर्लाइट किंवा व्हर्मिक्युलाइटसारखी खनिज द्रव्ये ४ ते २० पट, आणि काही कृत्रिम शोषके ७० पटींपर्यंत जातात, असे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते. या व्यवसायात बरीच वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे की हा आकडा खरा असला तरी निकाल तो लावत नाही. सांडलेले तेल आणि पाणी वेगळे होणार की नाही, हे तेल कोणत्या अवस्थेत हाती आले यावर ठरते, आणि भिजलेले साहित्य पुढे कुठे न्यायचे याची सोय आधी झाली होती की नाही यावर ठरते. गाळणीला या कामात मानाची जागा आहे. फक्त ती जागा आपण जिथे शोधतो तिथे, म्हणजे समुद्राच्या उघड्या पृष्ठभागावर, फार क्वचित असते.

गाळणी तेल निवडते कशी, हे आधी पाहू. पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो, बहुतेक खनिज तेलांचा २० ते ३० च्या दरम्यान. ज्या तंतूचा पृष्ठभाग मेणचट आहे त्यावर कमी ताणाचे तेल पसरते आणि जास्त ताणाचे पाणी थेंब होऊन बाजूला राहते. पॉलिप्रॉपिलीनचे पांढरे पॅड याच तत्त्वावर चालतात. कच्चा कापूसही तसाच वागतो, कारण त्याच्या तंतूवर निसर्गतःच मेणाचा पातळ थर असतो. तोच कापूस दवाखान्यासाठी उकळून, विरंजन करून मेण काढून टाकले की पाणी शोषू लागतो आणि तेलाच्या कामातून बाद होतो. पांढऱ्या सावरीचा तंतू तर आतून पोकळ आणि बाहेरून मेणचट, म्हणून त्याची पट कापसाच्याही वर जाते. इथपर्यंत सगळे सुंदर आहे. पण तंतूंच्या फटींत तेल किती वेगाने शिरणार, हे त्याच्या दाटपणावर अवलंबून असते. डिझेलचा दाटपणा तीन-चार सेंटिस्टोक. जहाजांच्या इंजिनांत वर्षानुवर्षे जळत आलेल्या जड फर्नेस ऑइलचा ५० अंश सेल्सिअसला ३८०, आणि समुद्राच्या पाण्याइतके थंड झाल्यावर त्याच्या कित्येक पट. जे पॅड डिझेल काही सेकंदांत ओढून घेते त्याच पॅडवर हे तेल नुसते बाहेरून माखते, आतले तंतू कोरडेच राहतात. पॅडच्या वेष्टनावर पटीचा जो आकडा असतो तो बहुधा हलक्या तेलात बुडवून, निथळून, तोलून मिळालेला असतो. आपल्या किनाऱ्यांना वेढणाऱ्या गळतीत मात्र पुष्कळदा जहाजाच्या इंधनटाकीतले जड तेल असते.

त्यात वेळ गेला की तेल तेच राहत नाही. ताक घुसळले की लोणी सुटून वर येते. समुद्रात घुसळणीचा परिणाम याच्या उलटा होतो, लाटा जितक्या घुसळतील तितके पाणी तेलाच्या पोटात बारीक थेंबांनी अडकत जाते. काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत, तपकिरी रंगाचा लगदा तयार होतो. त्याला या धंद्यात जगभर चॉकलेट मूस म्हणतात. त्यात ६० ते ८० टक्के पाणी असू शकते, म्हणजे सांडलेल्या तेलाचे आकारमान तिप्पट-चौपट होते आणि दाटपणा त्याहून कितीतरी अधिक वाढतो. हे पाणी तंतूंनी वेगळे होत नाही. कारण ते तेलाच्या बाहेर नाही, आत आहे. तेल ज्या तंतूला चिकटेल त्याला आतल्या पाण्यासकट चिकटेल. ते पाणी सोडवायला उष्णता लागते, इमल्शन, म्हणजे तेल-पाण्याचा हा लगदा, फोडणारी रसायने लागतात आणि टाकीत निवांत बसू देण्याइतका अवधी लागतो.

मुंबईजवळची गोष्ट घेऊन हिशोब मांडू. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली. चित्रा कलंडली, तिच्यावरचे कंटेनर समुद्रात पडून जलमार्गात तरंगू लागले, काहींत कीटकनाशके होती, आणि सुमारे ८०० टन इंधन तेल सांडल्याचा अंदाज निघाला. ऐन पावसाळ्यातला खवळलेला समुद्र. तेल उरण, अलिबाग, घारापुरी इथल्या किनाऱ्यांना आणि तिवरांना लागले. आता हे ८०० टन जड तेल ७० टक्के पाणी घेऊन फुगले असे धरा. उचलायचा लगदा होतो जवळजवळ २,६७० टन. दहा पट शोषणारे साहित्य वापरले तर २६७ टन साहित्य लागेल. नव्वद पट शोषणारा अद्भुत स्पंज आणला तर ३० टन पुरतील. फरक मोठा दिसतो, पण तो फक्त साहित्याच्या वजनातला आहे. लगदा दोन्ही वेळा २,६७० टनच राहतो. तो कुणीतरी होडीत चढवायचा, धक्क्यावर उतरवायचा, गळणार नाही अशा पिंपांत भरायचा, रस्त्याने न्यायचा आणि जाळायचा किंवा प्रक्रिया करून वेगळा करायचा. पट जसजशी वाढत जाते तसतसा तिचा नफा आटत जातो आणि कामाचा डोंगर तिथल्या तिथे राहतो. माझ्या विचारांना वळण लागले ते अशा साध्या गुणाकार-भागाकारांमुळे. त्यानंतर कोणत्याही नव्या द्रव्याची माहितीपत्रिका हातात आली की मी आधी ते धरलेले तेल सोडते किती हे शोधू लागलो.

हा डोंगर काल्पनिक नाही. डिसेंबर १९९९ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यासमोर ‘एरिका’ हे टँकर जहाज दुभंगले, सुमारे २०,००० टन जड तेल सांडले आणि किनाऱ्यावरून जो कचरा गोळा झाला तो होता २,००,००० टनांच्या घरात, तेलाच्या दहापट. त्यात वाळू होती, गोटे होते, शेवाळ होते, माणसांचे माखलेले कपडे-हातमोजे होते आणि शोषकेही होती. तो निस्तरायला वर्षे लागली. लंडनस्थित आंतरराष्ट्रीय टँकर मालक प्रदूषण महासंघ १९६८ पासून जगभरच्या गळत्यांवर सल्ला देत आला आहे, आणि शोषकांबद्दल त्यांचे सांगणे दीर्घकाळ एकच आहे: जपून वापरा, शेवटच्या सफाईसाठी ठेवा, उघड्या समुद्रात सुटी द्रव्ये पसरू नका. आपल्याकडे तेलाने माखलेला कचरा धोकादायक कचऱ्याच्या नियमांत बसतो, तो गावच्या उकिरड्यावर टाकता येत नाही. मुंबई-रायगडच्या पट्ट्यात तळोज्याला अशा कचऱ्याची सोय आहे. ती नसलेल्या कोकणातल्या एखाद्या लहान बंदरावर शंभर टन भिजलेले पॅड पडले तर ते पावसात निथळून पुन्हा खाडीतच जातील. म्हणून शोषकांच्या साठ्याची चौकशी करताना मी रिकाम्या पिंपांची, ताडपत्र्यांची आणि वाहतुकीच्या परवान्यांची चौकशी आधी करण्याचा आग्रह धरतो. पुष्कळांना हा कारकुनी हट्ट वाटतो. पण गाळणीने धरलेले तेल गाळणीतच राहणार नसेल तर गाळले कशाला, याला उत्तर नसते.

यावर सर्वांत जोरदार आक्षेप येतो तो नव्या द्रव्यांच्या बाजूने. गेल्या वीस वर्षांत पृष्ठभागाच्या विज्ञानाने खरोखर मोठी मजल मारली आहे. २००४ साली चिनी शास्त्रज्ञांनी टेफ्लॉनचा लेप दिलेली पोलादी जाळी दाखवली, जिच्यातून तेल खाली जाते आणि पाणी वर अडते. पुढे उलट्या स्वभावाच्या जाळ्या आल्या, ज्या पाणी सोडतात आणि तेल अडवतात. तेल जाळीला चिकटतच नसल्याने त्या लवकर तुंबत नाहीत. २०१७ मध्ये अमेरिकेच्या अरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेने वजनाच्या ९० पटींपर्यंत तेल धरणारा आणि पिळून पुन्हा वापरता येणारा स्पंज जाहीर केला. २०२० मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून चुंबकीय लेपाचा स्पंज आला, ३० पटींहून अधिक शोषणारा आणि ४० हून अधिक वेळा वापरता येणारा. हे संशोधन मी आदराने वाचतो आणि त्यातले काही उद्या आपल्या बंदरांवर असावे अशी इच्छाही आहे. तरी प्रयोगशाळेतली ९९ टक्क्यांची कार्यक्षमता कशावर मोजली जाते ते पाहायला हवे. पुष्कळदा पेल्यात रंगवलेले हलके तेल आणि स्वच्छ पाणी घेतलेले असते, दोन्ही आधीच थरांनी वेगळे झालेले. जे थर गुरुत्वाकर्षणाने आपोआप वेगळे झाले आहेत ते जाळीने वेगळे करण्यात जाळीची कसोटी लागत नाही. आता जाळीवर येणाऱ्या दाबाचे पाहा. शंभर मायक्रॉन व्यासाच्या भोकांची पाणी अडवणारी जाळी, पृष्ठताणाच्या हिशोबाने, जेमतेम पंधरा ते तीस सेंटिमीटर उंचीच्या पाण्याचा दाब सोसते. अर्ध्या मीटरची लाट म्हणजे शांत समुद्र. तेवढ्या लाटेनेही पाणी जाळीपार होते. भोके बारीक केली तर दाब सोसेल, पण मग जड तेल शिरणार नाही आणि गाळाने तोंडे बुजतील. मुंबईच्या आसपासच्या खाड्यांचे पाणी बाराही महिने गढूळ, उधाणाच्या भरतीला पाणी साडेचार-पाच मीटर चढते-उतरते, आणि त्या ओढीत चिखलाचे कण तेलाच्या थेंबांवर बसून त्यांचा पृष्ठभागच बदलून टाकतात. आपल्या खाडीचे गढूळ पाणी आणि दोन दिवस उन्हात राहिलेले इंधन तेल वापरून केलेली चाचणी ज्या द्रव्याने पार केली, त्याच्यावर मी विश्वास ठेवीन. अशी चाचणी घेणे अवघड नाही, आपल्या प्रयोगशाळा ती सहज घेऊ शकतात.

याच बाबतीत एक स्पर्धा फार बोलकी आहे. मेक्सिकोच्या आखातातल्या २०१० च्या डीपवॉटर होरायझन दुर्घटनेनंतर समुद्रावरून तेल उचलण्याच्या यंत्रांची दहा लाख डॉलरच्या बक्षिसाची स्पर्धा लावली गेली आणि २०११ मध्ये न्यू जर्सीतल्या ओमसेट या दोनशे मीटर लांबीच्या चाचणी-तलावात ती पार पडली. अट होती मिनिटाला २,५०० गॅलन तेल आणि त्यात ७० टक्के शुद्धता. विजेत्या यंत्राने मिनिटाला ४,६७० गॅलन उचलले, म्हणजे जवळजवळ साडेसतरा हजार लिटर, आणि त्यात ८९.५ टक्के तेल होते. या यंत्रात चमत्कारी द्रव्य कोणते होते? खाचा पाडलेल्या फिरत्या चकत्या. तेल चकतीला चिकटायचे, चकती फिरून वर यायची, पट्टी ते खरवडून पन्हळीत टाकायची, आणि चकती पुन्हा तेलात जायची. तेलाला ओढणारा पृष्ठभाग इथेही आहेच, पण तेल क्षणभरच धरायचे आणि लगेच सोडून द्यायचे, एवढेच काम त्याच्याकडे आहे. शोषून घट्ट धरून ठेवणाऱ्या द्रव्यापेक्षा धरून सोडणारे द्रव्य श्रेष्ठ, हा या कामातला मला सर्वांत पटलेला धडा.

मग गाळणीची खरी जागा कोणती? ती उचललेल्या द्रवाच्या टाकीपाशी आहे. पाण्यावरून तेल उचलणारी यंत्रे, म्हणजे स्किमर, बनवणारे काहीही म्हणोत, लाटांत काम करताना ती तेलासोबत भरपूर पाणी ओढतात. बार्जवरच्या टाक्या तेलाने भरण्याआधी पाण्याने भरतात, आणि टाकी भरली की उत्तम यंत्रही हात बांधून उभे राहते. कितीतरी मोहिमांत काम थांबते ते साठवणीपाशी. टाकीत तेल वर येऊ द्यावे आणि खालचे पाणी काढून टाकावे तर त्या पाण्यात बारीक थेंबांचे तेल असते. थेंब वर चढण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गानुसार बदलतो. तेल पाण्यापेक्षा दहा टक्के हलके धरले तर २०० मायक्रॉनचा थेंब तासाला सात-आठ मीटर चढेल, २० मायक्रॉनचा थेंब त्याच तासात सात-आठ सेंटिमीटर. पंपाने घुसळलेल्या पाण्यात असे बारीक थेंब असंख्य असतात आणि हलत्या बार्जवर त्यांना वर येण्याइतकी शांतता मिळत नाही. इथे तंतूंची गाळणी अमोल ठरते. तेलाला ओढणाऱ्या तंतूंच्या जाड थरातून पाणी सावकाश सोडले की बारीक थेंब तंतूंना अडकतात, शेजारच्या थेंबांना मिळून मोठे होतात, सुटतात आणि झपाट्याने वर येतात. तंतू तेल साठवत नाही, थेंब जुळवून देतो. म्हणून तो भरून जात नाही, आणि पुढे गाळ अडवणारी साधी चाळण बसवली तर दीर्घकाळ टिकतो. जहाजांच्या बिल्जमधले, म्हणजे तळाशी साठणारे, तेलकट पाणी वेगळे करणारी यंत्रे याच रीतीने चालतात. आंतरराष्ट्रीय मार्पोल करारानुसार ४०० टनांहून मोठ्या जहाजाने बाहेर सोडलेल्या पाण्यात दहा लाख भागांत १५ भागांहून जास्त तेल असता कामा नये. २००३ मध्ये ठरलेल्या निकषांत तर साबणासारख्या द्रव्याने पक्के झालेले इमल्शन आणि लोहऑक्साइडचे कण मिसळलेले पाणीही त्या यंत्रांना पार करून दाखवावे लागते. मघाशी मी ज्या चाचणीची मागणी केली तिचा नमुना हाच आहे. बार्जवर अशी गाळणी असेल तर पाणी समुद्राला परत देता येते, टाकीतली जागा तेलासाठी उरते आणि स्किमर चालू राहतो. अशा पाण्याच्या विसर्गाला परवानगी लागते; ती आणीबाणीच्या वेळी मागत बसण्यापेक्षा बंदराच्या आराखड्यातच लिहून ठेवलेली बरी. आपल्या राष्ट्रीय आराखड्यात तटरक्षक दल समन्वयक असले तरी ७०० टनांपर्यंतची गळती पहिल्या पातळीची मानली जाते, आणि सुरुवातीचे तास बंदराच्या स्वतःच्या तयारीवरच निघतात.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे आणि तो मला अधिक कठीण वाटतो. यंत्रे, बार्ज, परवाने यांची वाट पाहत लोकांनी हातावर हात ठेवून बसावे का? २५ जुलै २०२० रोजी मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या प्रवाळ खडकावर ‘वाकाशिओ’ जहाज चढले आणि ६ ऑगस्टला त्यातून तेल सुटले. त्या बेटावर एकोणिसाव्या शतकात गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज आजही गणपती बसवतात. उसाच्या मळ्यांत त्यांचे पूर्वज राबले. त्याच उसाचे पाचट कापडाच्या लांब पिशव्यांत भरून, तरंगण्यासाठी प्लास्टिकच्या बाटल्या बांधून, सर्व समाजांच्या हजारो लोकांनी माहेबूर्गच्या धक्क्यावर रात्रंदिवस बूम, म्हणजे तेल अडवणारे तरंगते बांध, तयार केले. कापलेले केसही गोळा झाले. हे काम फुकट गेले असे कुणी म्हणू नये. शांत उथळ सरोवरात, तेल किनाऱ्याला लागण्याआधी, त्या पाचटाच्या बांधांनी तेल अडवले आणि एका जागी जमवले. त्यांचा उपयोग शोषणाहून अडवण्याला अधिक झाला, हे समजून घेतले तर पुढच्या वेळी अशी मेहनत आणखी सार्थ होईल: बांध कुठे लावायचा, कोणत्या कोनात, भरती फिरली की काय करायचे. प्रवाह ताशी पाऊण सागरी मैलाहून वेगाने आडवा आला की कोणत्याही बूमखालून तेल निसटते, तो बाजारातला असो वा पाचटाचा. खाडीच्या मुखाशी ही मर्यादा रोज ओलांडली जाते, म्हणून बूम प्रवाहाला तिरपा लावून तेल संथ कोपऱ्याकडे वळवावे लागते. हे कोळ्यांना, तांडेलांना शिकवायला फार वेळ लागणार नाही. पाणी कुठे संथ होते हे त्यांना आधीच ठाऊक असते, कोणत्याही नकाशाहून अधिक.

पण त्याच घटनेतला दुसरा आकडा विसरता येत नाही. वाकाशिओमधून सुमारे १,००० टन तेल समुद्रात गेले, आणि जहाज १५ ऑगस्टला दुभंगण्याआधी सुमारे ३,००० टन पंपांनी बाहेर काढले गेले. हे तीन हजार टन कोणत्याही द्रव्याने गाळावे लागले नाहीत, कारण ते पाण्याला भेटलेच नाहीत. उघड्या समुद्रात सांडलेल्या तेलापैकी दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक परत मिळणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. जहाज खडकावर चढल्यापासून तेल सुटेपर्यंत मॉरिशसला बारा दिवस मिळाले होते. असे दिवस पुन्हा कुठल्या किनाऱ्याला मिळाले तर पंप आणि रिकामे बार्ज आधी पोहोचले पाहिजेत. लोकांच्या कष्टांबद्दल मनापासून आदर असणाऱ्यानेच हे ठामपणे सांगायला हवे, कारण ताज्या तेलाच्या वाफेत बेन्झिन असते आणि ते उघड्या हातांनी, तोंडाला रुमाल बांधून उपसणाऱ्यांच्या फुप्फुसांत जाते. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईजवळ एन्नोर इथे दोन जहाजांच्या टकरीनंतर आणि डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्याच खाडीत पुराच्या पाण्याबरोबर तेल पसरल्यावर माणसे बादल्यांनी, मगांनी तेल उपसताना देशाने पाहिली. त्या खाडीतल्या मच्छीमाराची जाळी, होडी आणि कातडी एकाच तेलाने माखली. त्याला हातमोजे, मुखवटा, बूट आणि मजुरी देणे ही पहिली गरज होती. कोणते शोषक किती पट चांगले हा प्रश्न त्यानंतर येतो.

तिवरांचा मुद्दा इथेच सांगून टाकतो. तिवराची श्वासमुळे चिखलातून वर आलेली असतात आणि जड तेलाचा लेप बसला की ती गुदमरतात. अशा वेळी भुसा, पेंढा, सुटा कापूस वरून टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा. सुटे द्रव्य मुळांच्या दाटीत अडकते, परत निघत नाही, आणि ते काढायला शिरलेल्या माणसांच्या पायांनी तेल चिखलात खोल जाते, जिथे हवा नसल्याने ते वर्षानुवर्षे कुजत नाही. तिवरांच्या बाहेर, खाडीच्या बाजूला, दोरीने बांधलेले शोषक बूम ठेवावेत आणि ओहोटीबरोबर सुटून येणारे तेल तिथे झेलावे. उथळ पाण्यात तेल विखुरणारी रसायने फवारण्याचा पर्यायही वर्ज्यच. १९६७ मध्ये कॉर्नवॉलजवळ ‘टोरी कॅनियन’ फुटल्यावर सुमारे १०,००० टन डिटर्जंट ओतले गेले आणि किनाऱ्यावरच्या जीवांचे नुकसान तेलापेक्षा त्यानेच अधिक झाले. तेव्हाची रसायने आजच्याहून फार विषारी होती, हे खरे. पण घाईत काहीतरी ओतून मोकळे होण्याची वृत्ती अजून गेलेली नाही.

गोव्याच्या किनाऱ्यांवर मे महिन्यापासून पावसाळाभर येणारे डांबरगोळे या साखळीतली शेवटची अवस्था दाखवतात. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्यांच्या रासायनिक खुणा तपासून त्यांचा उगम टँकरांनी सोडलेल्या तेलात आणि मुंबईलगतच्या तेलक्षेत्रांत शोधला आहे. लाटांनी, उन्हाने, वाळूने घट्ट झालेल्या या गोळ्यांवर कोणताही शोषक चालत नाही. हाताने वेचणे किंवा वाळू तारेच्या चाळणीतून चाळणे, एवढेच उरते. तेल जितके जुने तितकी गाळणी ढोबळ होत जाते, आणि माणसांचे श्रम वाढत जातात.

तिसरा आक्षेप खर्चाचा असतो: दशकातून एकदा होणाऱ्या अपघातासाठी एवढी तयारी कुणाला परवडेल? याला माझे उत्तर असे की समुद्रात जाणारे तेल अपघातांपुरते नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या २०२२ च्या अहवालानुसार उत्तर अमेरिकेच्या समुद्रांत जाणाऱ्या तेलाचा सर्वांत मोठा वाटा जमिनीवरून, रस्त्यांवरून आणि नाल्यांतून वाहत येतो. आपल्याकडे गॅरेजांच्या मोऱ्या, पेट्रोल पंपांची फरशी, ट्रक टर्मिनल आणि मासेमारी बंदरे पाहिली की चित्र वेगळे वाटत नाही. मोठ्या जहाजांना लागणारी १५ भागांच्या यंत्राची सक्ती मच्छीमार होड्यांना नाही. यांत्रिक होडीच्या तळाशी साठणारे तेलकट पाणी बंदरातच उपसले जाते. ससून डॉकसारख्या गजबजलेल्या धक्क्याच्या पाण्यावर तवंग कायम दिसतो, आणि त्याच पाण्याशेजारी मासळी उतरते. इथे तेल ताजे असते, बहुतेक डिझेल आणि इंजिन ऑइल, म्हणजे पातळ. पाणी संथ असते. प्रमाण थोडे आणि रोजचे असते. ज्या परिस्थितीत तंतूंची गाळणी सर्वोत्तम चालते ती सगळी इथे जुळून येते.

आणि इथेच विदर्भाचा कापूस आठवतो. अमेरिकेतल्या टेक्सास टेक विद्यापीठात झालेल्या अभ्यासाने दशकभरापूर्वी दाखवले की कमी मायक्रोनेअरचा, म्हणजे अपरिपक्व आणि कापडगिरण्यांना नको असलेला कच्चा कापूस ग्रॅममागे ३० ग्रॅमांहून अधिक तेल धरतो. बारीक तंतूंमुळे पृष्ठभाग वाढतो आणि मेण शाबूत असते. आपल्या शेतकऱ्याच्या घरी फरदडीचा, कवडीचा कापूस मातीमोल भावाने जातो. त्याच्या सरकीविरहित, न धुतलेल्या तंतूचे सुईने गुंफलेले जाड पट्टे बनवणे हे अवघड तंत्र नाही. समुद्रातल्या मोठ्या गळतीवर हा कापूस पसरावा असे मी कधीही सुचवणार नाही. आतापर्यंतचा सगळा हिशोब त्याच्या विरुद्ध आहे. पण धक्क्यावरच्या एका सिमेंटच्या कुंडीत आधी गाळ बसू द्यावा, मग वरचे तेल पन्हळीने काढावे, आणि उरलेले पाणी अशा कापसाच्या थरातून सोडावे, एवढी रचना प्रत्येक मासेमारी बंदराला झेपणारी आहे. होडीचे बिल्ज पाणी समुद्रात उपसण्याऐवजी त्या कुंडीत उपसायचे. वर जमणारे तेल वापरलेल्या तेलाचे अधिकृत पुनर्शुद्धीकरण करणाऱ्यांना विकता येते आणि त्यातून कुंडीची राखण करणाऱ्याचा पगार काही अंशी निघतो. कापसाचा थर कधी बदलायचा, हे बाहेर पडणाऱ्या पाण्यावर तवंग दिसू लागला की त्या माणसाला डोळ्यांनी कळते. तो थर ठेवायला झाकणाचे पिंप हवे, पिंप नेणारी गाडी ठरलेली हवी आणि तिचे पैसे देण्याची जबाबदारी मच्छीमार सोसायटी, मत्स्य विभाग आणि बंदर यांपैकी कुणाची, हे कुंडी बांधण्याआधी कागदावर आलेले हवे.